दुसऱ्याच्या चषकावरून आपला मॅनेजर जोखू नये

यंदा स्टॅनले कप, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचा चषक, कोण जिंकणार हे ओळखायचं असेल तर बफेलोनं अलीकडे कोणाला विकलं ते पाहा, असं कुणी खवचटपणे म्हणालं तर त्याला खोडून काढणं अवघड आहे. रायन ओ'रायली २०१८ मध्ये बफेलो सेबर्सकडून सेंट लुईसला गेला. २०१९ मध्ये सेंट लुईस ब्लूजनं कप जिंकला आणि प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू ओ'रायलीच ठरला. जॅक आयकेल २०२१ मध्ये व्हेगासला गेला. २०२३ मध्ये व्हेगासनं कप जिंकला, आणि त्या प्लेऑफमध्ये सर्वाधिक २६ गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) आयकेलच्या नावावर होते. सॅम राइनहार्ट आणि ब्रँडन माँटूर हे दोघंही २०२१ मध्येच फ्लोरिडाला गेले. २०२४ च्या अंतिम फेरीत सातव्या सामन्यातला निर्णायक गोल राइनहार्टचा होता.

आणि बफेलो? २०११ नंतर २०२४-२५ पर्यंत सलग १४ हंगाम प्लेऑफच्या बाहेर. निम्मे संघ जिथे प्लेऑफला जातात तिथे चौदा वर्षं बाहेर राहणं ही खरं तर कामगिरीच म्हणायची. एनएचएलच्या इतिहासात एवढा लांब दुष्काळ दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेला नाही.

ही यादी वाचली की खटला संपल्यासारखाच वाटतो. ज्यांनी विकलं ते मॅनेजर मूर्ख, चला पुढे. माझा आक्षेप नेमका या पद्धतीला आहे. विकलेला खेळाडू दुसरीकडे जाऊन काय करतो यावरून निकाल दिला, तर काही निर्णयांवर अन्याय होतो आणि त्याहून वाईट म्हणजे खरे गुन्हे सुटून जातात. बफेलोच्या गेल्या दशकात दोन्ही प्रकार भरपूर सापडतात.

थोडी ओळख करून देतो. बफेलो म्हणजे नायगारा बघायला निघालेला मराठी पर्यटक ज्या विमानतळावर उतरतो पण ज्या गावात थांबत नाही, ते गाव. टोरांटोहून गाडीनं दोनेक तासांवर, हिवाळ्यात सरोवरावरून येणाऱ्या बर्फाखाली गाडलं जाणारं, एके काळी पोलादावर जगलेलं. तिथल्या संघाचा जनरल मॅनेजर म्हणजे आपल्या क्रिकेट संघाबरोबर फिरणारा, हॉटेलच्या खोल्या आणि बसची वेळ बघणारा व्यवस्थापक नव्हे. कोणाला घ्यायचं, कोणाला विकायचं (म्हणजे दुसऱ्या खेळाडूंच्या किंवा निवडींच्या बदल्यात द्यायचं), कोणाला किती वर्षांचा करार द्यायचा, प्रशिक्षक कोण, हे सगळं तो ठरवतो. सगळ्या संघांना पगाराची एकच कमाल मर्यादा असते; २०२३-२४ मध्ये ती ८.३५ कोटी डॉलर होती. दरवर्षी अठरा वर्षांच्या मुलांचा ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ क्रमानं एकेक मुलगा निवडतात. आयपीएलमध्ये तळाला राहिल्यानं लिलावात काही जादा मिळत नाही. एनएचएलमध्ये मिळतं: जो सर्वात खाली, त्याला पहिल्या क्रमांकाच्या मुलाची सर्वाधिक संधी. पुनर्बांधणीच्या नावाखाली जे काही होतं त्याचं मूळ या एका नियमात आहे.

टिम मरे जानेवारी २०१४ मध्ये मॅनेजर झाले तेव्हा २०१५ चा ड्राफ्ट डोळ्यासमोर होता. त्यात कॉनर मॅकडेव्हिड होता, पिढीतून एकदा येणारा खेळाडू, आणि त्याच्या पाठोपाठ आयकेल. तळाच्या संघाला सोडतीत पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता होती २० टक्के. दुसरा मात्र पक्का. मरेंनी संघ असा ठेवला की तो तळाला जाईल. गोलकीपर बरे खेळायला लागले तर तेही विकले: फेब्रुवारीत एनरॉथ, मार्चमध्ये न्यूव्हर्थ.

२६ मार्च २०१५ ला ॲरिझोना कायोटीझ बफेलोत आले. तळाचे दोन संघ, म्हणजे हरण्याचीच शर्यत. सामना बरोबरीत सुटून जादा वेळेत गेला आणि पहिल्याच मिनिटाला ॲरिझोनाच्या सॅम गॅनिअरनं गोल केला. स्टेडियम उठून ओरडलं. आनंदानं. आपल्याच घरच्या लोकांनी आपल्या पराभवाला टाळ्या वाजवल्या हे बर्फावर उभ्या असलेल्या सेबर्सच्या खेळाडूंनी ऐकलं, आणि त्यांना ते किती लागलं हे नंतर त्यांच्या बोलण्यातही दिसलं. पुढच्या महिन्यात सोडत निघाली. मॅकडेव्हिड एडमंटनला गेला.

इथे पहिला अन्याय. ‘मरेंनी मॅकडेव्हिड घालवला’ असं म्हणणं म्हणजे फासे हवे तसे पडले नाहीत म्हणून खेळणाऱ्याला मूर्ख ठरवणं. पाचात एक संधी होती, ती हुकली. जे पक्कं होतं, म्हणजे आयकेल, ते मिळालं. गणित म्हणून तो डाव वेडेपणाचा नव्हता. आणि ज्यांना मॅकडेव्हिड मिळाला त्या एडमंटनकडे पाहा. २०१६ मध्ये पीटर किआरेली यांनी टेलर हॉल देऊन ॲडम लार्सन घेतला. हॉल दोन वर्षांत लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि मॅकडेव्हिडच्या पहिल्या चार हंगामांत एडमंटन फक्त एकदा प्लेऑफला गेलं. सोडत जिंकली म्हणजे अक्कल मिळाली असं नाही.

मरेंचा दोष दुसरीकडे आहे. ज्या संघात हरणं हीच योजना होती, त्या संघात वीस-एकवीस वर्षांच्या मुलांना जिंकण्याचं वळण कोण लावणार? ओ'रायलीला मरेंनीच आणलं होतं, ड्राफ्टच्याच दिवशी, आणि तो त्यांचा चांगला व्यवहार होता. तीन वर्षांनी, एप्रिल २०१८ मध्ये, संघ पुन्हा तळाला गेल्यावर तोच ओ'रायली पत्रकारांसमोर म्हणाला की हरण्याची आपल्याला सवय झाली आहे, आणि माझंही खेळावरचं प्रेम मधूनमधून हरवलं. ड्रेसिंग रूमची अवस्था त्याहून स्पष्ट कोणी सांगितली असती असं वाटत नाही. तोवर मरे गेले होते आणि जेसन बॉटरिल आले होते. त्यांनी काय केलं? तीन महिन्यांत त्यालाच विकलं.

या व्यवहाराची तारीख महत्त्वाची आहे: १ जुलै २०१८. त्याच दिवशी ओ'रायलीला ७५ लाख डॉलरचा बोनस द्यायचा होता. तो सेंट लुईसनं दिला, बफेलोला द्यावा लागला नाही. बदल्यात आले दोन मध्यम वकुबाचे अनुभवी खेळाडू, टेज थॉम्पसन नावाचा विशीतला उंच मुलगा आणि ड्राफ्टमधल्या दोन निवडी. त्या दोघा अनुभवींपैकी पॅट्रिक बर्गलंड तर डिसेंबरमध्येच संघ सोडून गेला.

निकालावरून जोखणारे इथे दोनदा फसले. २०१९ मध्ये ओ'रायलीच्या हातात कप होता आणि थॉम्पसनच्या नावावर ६५ सामन्यांत ७ गोल. तेव्हा हा दशकातला सर्वात वाईट व्यवहार ठरला. मग २०२१ मध्ये डॉन ग्रॅनाटो प्रशिक्षक झाले. त्यांनी थॉम्पसनला कडेवरून मध्यात आणलं. पुढच्या हंगामात त्यानं ३८ गोल केले, त्याच्या पुढच्यात ४७. आणि बरेच जण म्हणू लागले की बघा, बॉटरिल काही अगदीच चुकले नव्हते.

मला विचाराल तर ते चुकलेच होते, २०१९ मध्येही आणि ४७ गोलांनंतरही. कारण १ जुलै २०१८ च्या सकाळी त्यांच्यासमोर काय होतं ते पाहा. २७ वर्षांचा, आक्रमण आणि बचाव दोन्ही करणारा सेंटर (मध्यात खेळणारा खेळाडू), ठरलेल्या पगारावर आणखी पाच वर्षं बांधलेला. त्याला काढल्यावर आयकेलच्या मागे दुसऱ्या क्रमांकाचा सेंटर कोण, या प्रश्नाचं बॉटरिल यांच्याकडे असलेलं उत्तर होतं केसी मिटलस्टॅड, वय १९, एनएचएलचे सामने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्या हंगामात नोव्हेंबरमध्ये संघानं सलग दहा सामने जिंकले, काही दिवस लीगमध्ये अव्वल राहिला, आणि तरी ७६ गुणांवर संपला. मिटलस्टॅडला कोवळ्या वयात जे ओझं दिलं ते त्याला पेललं नाही, यात त्याचा दोष नव्हता. आणि थॉम्पसन? त्याला मध्यात खेळवायचं हे बॉटरिल यांच्या योजनेत होतं असं कुठेच दिसत नाही. ते घडलं तेव्हा ते नोकरीवरही नव्हते. दुसऱ्यानं केलेल्या कामाचं श्रेय मागच्या तारखेनं त्यांना देता येत नाही.

राइनहार्टचं प्रकरण याहून शिकण्यासारखं आहे, आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही. २०२१ च्या जुलैत त्याला विकलं तेव्हा मॅनेजर होते केव्हिन ॲडम्स. राइनहार्ट एका वर्षात मोकळा, म्हणजे हव्या त्या संघात जायला स्वतंत्र, होणार होता, बफेलोत राहण्याची त्याला हौस नव्हती. अशा वेळी त्याच्या बदल्यात डेव्हन लेव्ही हा गोलकीपर आणि पहिल्या फेरीची एक निवड मिळवणं हा वाईट सौदा नव्हता. पण तो मोकळा होण्याच्या उंबरठ्यावर आलाच कसा? कारण २०१८ मध्ये बॉटरिल यांनी त्याला दोनच वर्षांचा करार दिला, आणि २०२० मध्ये ॲडम्स यांनी एकाच वर्षाचा. म्हणजे त्याला गमावलं ते या दोन सह्यांच्या दिवशी. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही, कारण छोट्या करारावर संतापण्याइतकं त्यात काही दिसत नाही.

पुढे ॲडम्स उलट टोकाला गेले. मॅटियस सॅम्युअलसनला जेमतेम ५४ सामने खेळलेला असताना सात वर्षांचा करार दिला. डिलन कझन्सला सात वर्षं आणि जवळपास पाच कोटी डॉलर, फेब्रुवारी २०२३ मध्ये. मार्च २०२५ मध्ये तो ओटावाला गेलाही. दुधानं तोंड पोळल्यावर ताकही फुंकून प्यावं हे ठीक, पण फुंकण्याच्या नादात पेलाच उलटला.

आयकेलबद्दल मी ॲडम्स यांना अर्धं सोडतो. मार्च २०२१ मध्ये मानेची चकती सरकली. आयकेलला कृत्रिम चकती बसवून हवी होती. एनएचएलमध्ये तोवर कोणत्याही खेळाडूवर तसली शस्त्रक्रिया झाली नव्हती. संघाच्या डॉक्टरांना मणके जोडण्याची जुनी पद्धत हवी होती, आणि तेव्हाच्या कामगार करारानुसार अंतिम शब्द संघाचा. आठ महिने हे भांडण चाललं, मधेच त्याचं कर्णधारपद काढून घेतलं. इतकं बिनसल्यावर नोव्हेंबरमध्ये झालेला सौदा वाईट नव्हता. बदल्यात आलेला ॲलेक्स टक सिरॅक्यूजजवळ वाढलेला, लहानपणापासून सेबर्सचा चाहता, आणि २०२२-२३ मध्ये त्यानं ३६ गोल केले. मानेच्या दुखण्यातून उठलेला आयकेल कप जिंकेल हे त्या दिवशी ठामपणे सांगणारा माणूस मला दाखवा. दोष द्यायचा तर त्या आठ महिन्यांना द्यावा. आपल्या सर्वात मोठ्या खेळाडूशी त्याच्याच मानेवरून भांडणारा संघ बाकीच्या खेळाडूंना काय सांगत होता?

आता ॲडम्स यांचा खरा गुन्हा. त्यात कोणताही गाजलेला ट्रेड नाही, म्हणून तो कुणाच्या यादीत नसतो. २०२२-२३ मध्ये बफेलोनं ९१ गुण मिळवले आणि प्लेऑफ फक्त एका गुणानं हुकलं. ९२ गुणांवर आत गेलेल्या फ्लोरिडानं त्याच वर्षी अंतिम फेरी गाठली. बफेलोचा संघ लीगमधल्या सर्वात तरुण संघांपैकी, गोल भरपूर करणारा, गोल खाणाराही. अशा वेळी मॅनेजरनं काय करायचं असतं हे सांगायला हॉकी कळायची गरज नाही: एक भरवशाचा गोलकीपर आणायचा, दोन-तीन कसलेले खेळाडू आणायचे. ॲडम्स यांनी बचावात दोन माणसं घेतली आणि गोलरक्षण सोपवलं लेव्हीकडे. वय २१, एनएचएलचे एकूण सामने सात. वेल जोमानं वाढत होते आणि मांडव घालायचं कुणाला सुचलंच नाही. पुढच्या हंगामात ८४ गुण, ग्रॅनाटो यांची हकालपट्टी. त्याच्या पुढच्यात ७९.

हा निर्णय मी नंतरचे आकडे पाहून वाईट ठरवतोय असं कुणी म्हणेल. नाही. जून २०२३ मध्येच हे सगळं डोळ्यासमोर होतं. एक गुण कमी का पडला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पगाराच्या मर्यादेत जागा होती. देण्यासारखी तरुण मुलं आणि निवडी ढीगभर होत्या. न केलेल्या गोष्टीला तारीख नसते, तिची बातमी होत नाही, आणि म्हणून मॅनेजर त्यातून अलगद सुटतो.

डिसेंबर २०२४ मध्ये, पराभवांची माळ चालू असताना, ॲडम्स पत्रकारांना म्हणाले की बफेलोत ताडाची झाडं नाहीत आणि न्यूयॉर्क राज्यात कर आहेत. खेळाडू इथे यायला तयार होत नाहीत. यात अर्धं सत्य आहे. फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, आणि करारात खेळाडूला इथे न जाण्याचा हक्क असेल तर बफेलोचं नाव त्या यादीत सहज येतं. पण ती ताडाची झाडं फ्लोरिडात १९९६ पासून २०२२ पर्यंतही होती, आणि त्या सव्वीस वर्षांत तिथल्या संघानं, पँथर्सनी, प्लेऑफची एकही मालिका जिंकली नाही. विनिपेगमध्ये तर बफेलोहून कडक थंडी, आणि २०२४-२५ च्या साखळी हंगामात लीगमध्ये सर्वाधिक गुण त्यांचेच होते.

फ्लोरिडात बदललं ते झाड नव्हे. सप्टेंबर २०२० मध्ये बिल झिटो तिथे मॅनेजर झाले. ॲडम्स यांची नेमणूक त्याच वर्षी जूनमधली. दोघंही पहिल्यांदाच या खुर्चीवर, तीन महिन्यांच्या अंतरानं. बफेलोनं सोडलेले दोघं झिटोंनी घेतले. २०२२ मध्ये, नुकतेच ११५ गुण केलेल्या हुबर्डोला आणि त्याच्याबरोबर वीगरला देऊन त्यांनी मॅथ्यू कचक आणला. संघ साखळीत पहिला आलेला असताना. तो सौदा फसला असता तरी मी त्याला शहाणपणाचाच म्हटला असता, कारण प्लेऑफमध्ये आपल्याला काय कमी पडतं हे बघून तो केला होता. फसला नाही, २०२४ आणि २०२५ असे दोन कप आले, हे वेगळं.

मग झिटो आणि ॲडम्स यांच्यात फरक कशाचा? काही अंशी माणसाचा. पण मला वाटतं बराचसा मालकाचा. टेरी पेगुला यांनी २०११ मध्ये संघ विकत घेतला. त्यांनी नेमलेले पहिले तिन्ही मॅनेजर ही नोकरी आधी कधीच न केलेले. झिटो निदान कोलंबसमध्ये सहायक मॅनेजर होते; ॲडम्स यांनी तर तेही केलं नव्हतं, ते संघाच्या व्यवसायाची बाजू बघत होते. जून २०२० मध्ये बॉटरिल यांच्याबरोबर वीसहून अधिक माणसं एका दिवसात काढली, त्यात मुलं हेरणारे स्काउटही होते. ज्या संघाचं सगळं भवितव्य ड्राफ्टवर, त्यानं हेरणारेच कमी करावेत! नवख्या माणसाला निम्म्या फौजेनिशी पाठवायचं आणि पाच वर्षांनी त्याच्यावर पराभवाचा ठपका ठेवायचा, हा न्याय नव्हे. मॅनेजरला जोखताना त्याला काय करायची मोकळीक होती हेही ताळेबंदात यावं लागतं. बोनसच्या दिवशी झालेला ओ'रायलीचा सौदा बॉटरिल यांचा किती आणि मालकांचा किती, हे बाहेरून कळत नाही. पण प्रश्न विचारावाच लागतो.

डिसेंबर २०२५ मध्ये पेगुलांनी ॲडम्स यांना काढून यार्मो केकालाइनेन यांना आणलं. पेगुलांनी नेमलेला हा पहिला मॅनेजर ज्यानं हे काम आधी केलं आहे: कोलंबसमध्ये, अकरा वर्षं. या माणसाचा एक निर्णय मला फार आवडतो, आणि निकालावरून जोखणाऱ्यांच्या लेखी तो गाढवपणा आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत कोलंबसचे दोन सर्वात मोठे खेळाडू, पानारिन आणि बॉब्रोव्स्की, हंगामानंतर फुकटात निघून जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. शहाणे सांगत होते, विका. केकालाइनेन यांनी विकलं नाही; उलट निवडी आणि तरुण मुलं देऊन मॅट डुशेनला आणलं. एप्रिलमध्ये कोलंबसनं साखळीत ६२ सामने जिंकलेल्या टँपा बेला सलग चार सामन्यांत घरी पाठवलं. त्या शहराच्या संघानं जिंकलेली ती पहिली प्लेऑफ मालिका. जुलैत पानारिन न्यूयॉर्कला गेला, बॉब्रोव्स्की फ्लोरिडाला, डुशेन नॅशव्हिलला, आणि कोलंबसला त्यांच्या बदल्यात काहीही मिळालं नाही.

बफेलोत जो संघ केकालाइनेन यांच्या हाती आला त्यातला बचावपटू रासमस डालिन बॉटरिल यांच्या तळाच्या हंगामातून आला, थॉम्पसन त्यांच्या सर्वात वाईट सौद्यातून, टक ॲडम्स यांच्या भांडणातून. केकालाइनेन यांचं माप मी या नावांवरून काढणार नाही. संघ एका गुणाच्या अंतरावर असेल त्या उन्हाळ्यात ते गोलकीपरसाठी काय मोजतात, आणि पेगुला त्यांना ते मोजू देतात का, तेवढं बघेन.